ठाण्यातला अस्तित्ववादाचा शनिवारचा क्लास: फी वसूल, खुर्च्या मात्र बदला

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हा क्लास असतो. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, आठ शनिवारांची एक बॅच, फी २४०० रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि मध्ये एकदा चहा-बिस्किट. क्लासला नाव-बिव काही नाही, बाहेर बोर्डही नाही. जिन्यात सायन्सच्या टॉपर पोरांचे फोटो लावलेत, ते बघत बघत वर गेलं की हॉल. दुपारी तिथे खरंच बारावीची मुलं बसतात, त्यामुळे सहाला पोचलात तर फळ्यावर इंटिग्रेशन अर्धवट पुसलेलं असतं आणि त्याच्यावरच मॅडम 'असणं' आणि 'नसणं' असे दोन कॉलम आखून सुरू करतात. स्टेशनवरून चालत या, रिक्षाच्या लायनीत उभं राहण्यात अर्थ नाही, आणि गाडी तर आणूच नका, शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात पार्किंग मिळवणं हा आठ आठवड्यांचा वेगळा कोर्स होईल.

मी कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बरने यायचे. ऐरोली-महापे साइडला काम करणाऱ्यांना शनिवार हाफ डे असेल तर हे सहज जमतं.

मॅडम कॉलेजात फिलॉसॉफी शिकवून रिटायर झालेल्या. आवाज बारीक, माइक नाही, पण माणसं आपोआप गप्प बसतात. एक गोष्ट लगेच आवडली की त्या कोणालाच "छान प्रश्न" असं म्हणत नाहीत, प्रश्न छान नसेल तर सरळ "पुढे" म्हणतात. बॅचमध्ये आम्ही वीसेक जण: कळव्याचे एक रिटायर्ड काका, ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकील, एक नर्स ताई जिची कधी कधी नाइट असायची म्हणून ती पर्समध्ये डबा घेऊनच यायची, ऐरोलीला आयटीत असलेला एक मुलगा, दोन-तीन कॉलेजच्या मुली, आणि एक काकू ज्यांना वाटलं होतं की हा ध्यानाचा क्लास आहे. त्या काकू शेवटपर्यंत आल्या हे इथे नोंदवून ठेवते.

आता मुख्य मुद्दा, शिकवतात कसं. अस्तित्ववाद म्हणजे माणूस ठरलेला स्वभाव घेऊन येत नाही, स्वतःच्या निवडींतून घडतो असं म्हणणारा विचार. अस्तित्ववाद म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं तर काळं जॅकेट, सिगरेट, आणि "सगळं व्यर्थ आहे" असला चेहरा, माझी बहीण तर म्हणाली होती की पैसे देऊन डिप्रेशन कशाला घेतेस. आणि 'नथिंगनेस', म्हणजे नसणं, म्हटलं की अजूनच भयंकर, म्हणजे अंतराळातली काळी पोकळी वगैरे. मॅडमनी पहिल्याच दिवशी यातलं काहीही केलं नाही. त्या म्हणाल्या, पाकिटात किती कॅश आहे ते न बघता कागदावर लिहा, आणि मग मोजा.

सगळ्यांनी मोजलं. बहुतेकांचं कमी निघालं. काकूंनी सातशे लिहिले होते आणि निघाले पाचशे, त्या लगेच पर्सचे सगळे कप्पे उपसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, काकू, पर्सकडे बघा, पर्समध्ये पाचशे रुपये आहेत, ते पूर्ण पाचशे आहेत, त्या पाचशेत कुठेही भोक पडलेलं नाही, मग हे दोनशे 'नाहीत' ते नेमके कुठे नाहीत? तेवढ्यात आयटीवाला मुलगा बोलला की मी कॅश ठेवतच नाही, सगळं यूपीआय, मी शून्य लिहिलं आणि शून्यच निघालं. मॅडम खूश. म्हणाल्या, बघा, याच्या पाकिटात काहीच नाही आणि तरी याचं काहीही कमी झालेलं नाही, आणि काकूंच्या पर्समध्ये पाचशे आहेत तरी तिथे एक 'नाही' येऊन बसलंय.

हे उदाहरण मुळात ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञाचं आहे, त्याच्या १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात तो म्हणतो की पाकिटात १५०० फ्रँक असतील असं मला वाटलं आणि निघाले १३००. पण पुस्तकात ते दोन ओळींत येऊन जातं, इथे काकूंनी पर्स उलटी केल्यावर ते जे काही समजतं ते वाचून समजलं नसतं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं की वस्तू या ठासून भरलेल्या असतात, फळा म्हणजे फळा, खुर्ची म्हणजे खुर्ची, त्यांच्यात कमी-जास्त, राहून गेलेलं, हरवलेलं असं काही नसतं. याला तो 'स्वतःत असणं' म्हणतो. जगात 'नाही' शिरतं ते माणसामुळे, कारण माणूस काहीतरी धरून चालतो, प्रश्न विचारतो, वाट बघतो. हे जे वाट बघणारं, स्वतःबद्दलच प्रश्न पडणारं असणं, ते 'स्वतःसाठी असणं'. एवढ्या दोन गोष्टी नीट पकडल्या की पुढचं अर्धं पुस्तक उघडतं असं मॅडम म्हणाल्या आणि मला ते पटलं.

दुसऱ्या क्लासला पियर. हे सार्त्रचं सगळ्यात फेमस उदाहरण असेल. चार वाजता कॅफेत पियरला भेटायचं ठरलंय, मला पंधरा मिनिटं उशीर झालाय, पियर थांबला असेल का? मी आत जातो आणि बघायला लागतो. टेबलं, माणसं, आरसे, दिवे, धूर, सगळं आहे, पण मी एकेक चेहरा बघून बाजूला टाकतो, हा नाही, हा नाही, आणि अख्खं कॅफे मागे सरकतं, नुसता पडदा होऊन जातं, आणि त्या पडद्यावर पुढे दिसतं ते फक्त पियरचं नसणं. मॅडमनी इथे खरी मेख सांगितली जी मी यूट्यूबवरच्या कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती. सार्त्र लगेच म्हणतो की या कॅफेत ड्यूक ऑफ वेलिंग्टनही नाही, कवी पॉल व्हालेरीही नाही, हे वाक्य खरंच आहे, पण ते नुसतं डोक्यात जुळवलेलं आहे, त्या नसण्याला कॅफेत जागा नाही. पियरच्या नसण्याला आहे. म्हणजे 'नाही' हे फक्त वाक्यातलं नसतं, ते दिसतं, टोचतं. दादर-ठाणे रोज लोकलने करणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायला लागू नये, आपल्या नेहमीच्या ग्रुपमधला एक जण आला नाही की डब्यातल्या उरलेल्या दोनशे माणसांचं आपल्याला काहीच पडलेलं नसतं.

इथे नर्स ताईने जो वाद घातला त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितेय म्हटलं तरी चालेल. सार्त्र एके ठिकाणी म्हणतो की वादळ काही नष्ट करत नाही. वादळानंतरही जेवढं होतं तेवढंच असतं, फक्त मांडणी बदललेली, 'नष्ट झालं' असं म्हणायला आधीचं आठवून तुलना करणारा कोणीतरी साक्षीदार लागतो. मॅडमनी हे सांगितलं आणि ताई म्हणाली, मॅडम, माझ्या वॉर्डात पेशंट गेला की गेला, नातेवाईक नसले, मी ब्रेकवर असले, कोणीही बघत नसलं तरी तो गेलेलाच असतो, नुसती मांडणी बदलली असं मी म्हणू शकत नाही. हॉलमध्ये एकदम शांतता. मॅडमनी सार्त्रची बाजू नीट मांडली, की बाबा तो पेशंट स्वतः वाट बघणारा, ठरवणारा होता, तो वादळातल्या दगडासारखा नव्हता, त्यामुळे माणसाच्या बाबतीत हा हिशोब वेगळा पडतो, वगैरे. ताई म्हणाली, मग मांजराचं काय? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, यावर माझ्याकडे तुम्हाला गप्प करेल असं उत्तर नाही. मला तर वाटतं सार्त्र इथे अडकतोच, आणि शिकवणाऱ्याने ते झाकलं नाही याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

कळव्याच्या काकांचा प्रश्न तर येणारच होता, आला. "मॅडम, हे सगळं आपल्याकडे नासदीय सूक्तात आधीच आहे." मला वाटलं झालं, आता उरलेला तास यातच जाणार, पण मॅडम म्हणाल्या की पुढच्या शनिवारी तुम्हीच आणा आणि वाचा. काकांनी खरंच आणलं, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, आणि छान खणखणीत वाचलं. मग मॅडमनी एवढंच विचारलं की इथे प्रश्न कशाबद्दल आहे? सृष्टीच्या आधी काय होतं, सत् पण नव्हतं, असत् पण नव्हतं, मग काय होतं, आणि हे कोणाला माहीत असेल. प्रश्न प्रचंड मोठा आहे. सार्त्रचा प्रश्न काकूंच्या पर्सचा आहे. दोन्ही चांगले आहेत, पण एक नाहीत. काकांना हे फारसं आवडलं नाही पण ते पुढच्या वेळीही आले.

आणि मग मॅडमनी काकांना दुसरीच भेट दिली. म्हणाल्या, सार्त्रच्या शेजारी बसवायचंच असेल तर नासदीय सोडा, न्याय-वैशेषिक ही आपली जुनी दर्शनं घ्या, त्यांनी अभावावर, म्हणजे नसण्यावर, जेवढं डोकं लावलंय तेवढं जगात फार कमी जणांनी लावलं असेल. नंतरच्या वैशेषिकांनी अभावाला चक्क सातवा पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचा सातवा वर्ग, म्हणून यादीत घेतला, आणि त्याचे चार प्रकार केले. मडकं घडायच्या आधी मातीत मडकं नसतं तो प्रागभाव, फुटल्यावर नसतं तो प्रध्वंसाभाव, वाऱ्याला रंग कधीच नसतो तो अत्यंताभाव, आणि मडकं म्हणजे कापड नव्हे हा अन्योन्याभाव. पुढची गंमत ऐका. प्रागभावाला सुरुवात नाही पण शेवट आहे, मडकं घडलं की तो संपला. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे पण शेवट नाही, मडकं फुटलं त्या क्षणी सुरू झाला तो कायमचा, नंतर तसंच दुसरं मडकं आणलंत तरी त्या मडक्याचं नसणं तसंच राहतं. आणि हा अभाव कोणी बघितला म्हणून तयार होत नाही, तो तिथे असतोच, आपल्याला फक्त कळतो. कळतो कसा यावरही भांडणं, नैयायिक म्हणजे न्यायवाले म्हणतात प्रत्यक्ष दिसतो, मीमांसा दर्शनातले भाट्ट मीमांसक म्हणतात त्यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण, म्हणजे कळण्याचं साधन, लागतं.

मी नर्स ताईकडे बघत होते. ती वहीत प्रध्वंसाभाव लिहून त्याच्याखाली दोनदा रेघ मारत होती. तिला आदल्या आठवड्यात जे म्हणायचं होतं ते बरोबर हेच होतं ना, की कोणी बघो न बघो, गेलेलं गेलेलं. म्हणजे या एका मुद्द्यावर वैशेषिकवाल्या कणादांच्या गोटातली मंडळी पॅरिसवाल्यापेक्षा मला जास्त पटली, आणि ते "आपल्याकडे सगळं आधीच होतं" म्हणून नाही, तर उलट त्यांचं म्हणणं सार्त्रच्या विरुद्ध आहे म्हणून. मात्र एक गोष्ट दोघांत सारखी, अभाव कशाचा ते सांगितल्याशिवाय अभाव सांगताच येत नाही, नुसतं मोकळं 'नाही' असं कुठे मिळत नाही. शून्यतेबद्दल कोणीतरी विचारलंच, तर मॅडमनी पाच मिनिटांत सांगितलं की बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे, कुठल्याही गोष्टीला स्वतःचा असा सुटा स्वभाव नाही असं ते म्हणणं आहे, आणि तो वेगळा कोर्स आहे. पुढे.

चौथा क्लास हायडेगर, हा जर्मन तत्त्वज्ञ. इथे गाडी घसरली. मॅडम नोट्समधून वाचायला लागल्या, १९२७ चं 'बीइंग अँड टाइम', मग १९२९ चं फ्रायबुर्गमधलं 'मेटाफिजिक्स म्हणजे काय' हे भाषण, ज्यात तो म्हणतो की 'नाही' स्वतःच 'नाही'पण करतं, आणि मग कार्नाप या तर्कशास्त्रवाल्या तत्त्वज्ञाने हे वाक्य उचलून हे वाक्यच नाही, नुसता शब्दांचा घोळ आहे असं दाखवून दिलं. सगळं बरोबर असेल पण दोन तासांत एवढं कोंबल्यावर काय होणार, मागची लाइन मोबाइल बघत होती. त्यातून हाताला लागलं ते एवढं की भीतीला काहीतरी कारण असतं, कुत्रा, साप, बॉस, पण हायडेगर ज्या अँग्स्टबद्दल, म्हणजे आतल्या घालमेलीबद्दल, बोलतो तिला समोर काहीच नसतं, आणि ती ओसरल्यावर कोणी विचारलं काय झालं तर आपण म्हणतो "काही नाही", आणि त्याच्या मते ते अगदी खरं असतं. ही एक गोष्ट अर्ध्या तासात सांगून बाकीचं सोडलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी विचारलं की हा नाझी होता ना, मॅडमनी गुळमुळीत न बोलता सांगितलं की हो, १९३३ मध्ये फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाला आणि त्याच वर्षी पक्षात गेला, वाचायचं तर हे माहीत असून वाचा. बरं वाटलं.

पाचवा क्लास पुन्हा रुळावर, आणि माझ्या मते पूर्ण बॅचमधला बेस्ट. विषय होता की हे 'नाही' बाहेरच्या कॅफेतून माणसाच्या आत कसं येतं. सार्त्र म्हणतो ते असण्याच्या गाभ्यात किड्यासारखं वेटोळं घालून बसलेलं असतं. उदाहरण जुगाऱ्याचं आहे. त्याने मनापासून ठरवलंय की आता खेळायचं नाही, आणि मग टेबल समोर आल्यावर त्याला दिसतं की तो निश्चय कालचा आहे, आज तो त्याला धरून ठेवू शकत नाही, तोच निश्चय आत्ता नव्याने करावा लागणार. कालचा मी आणि आत्ताचा मी यांच्या मध्ये काय आहे? काहीच नाही. आणि हे 'काहीच नाही' हीच अडचण आहे, कारण मध्ये काही असतं, एखादी साखळी, एखादा धक्का, तर तो आपोआप थांबला असता. वकील साहेब, जे तोपर्यंत फारसं बोलले नव्हते, ते म्हणाले, मी सिगरेट सोडलीय, आणि लोक विचारतात कधी सोडली, तर मला तारीख सांगता येत नाही कारण मी रोज सकाळी कोर्टाच्या बाहेरच्या टपरीसमोर ती परत सोडतो. मॅडम म्हणाल्या, यांना पुस्तकाची गरज नाही.

यातच त्यांनी डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द आणला, १८४४ सालचा, ज्याने या घालमेलीला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं, आणि तो इथे अगदी चपखल बसला, कारण त्याला वेगळा क्लास न देता जिथे लागला तिथे वापरला. हायडेगरच्या बाबतीत नेमकं हेच करायला हवं होतं.

सहावा क्लास वेटरवर. पॅरिसच्या कॅफेतला वेटर, ज्याच्या हालचाली जरा जास्तच चटपटीत, जरा जास्तच नेमक्या आहेत, तो वेटर असण्याचा खेळ खेळतोय, कारण दौत जशी दौत असते तसा माणूस वेटर असू शकत नाही. सार्त्र याला बॅड फेथ म्हणतो, स्वतःशीच केलेली बनवाबनवी. क्लास संपल्यावर आम्ही सात-आठ जण जवळच्या उडप्याकडे गेलो आणि सगळे तिथल्या वेटरकडे असे टक लावून बघायला लागलो की तो बिचारा दोनदा विचारून गेला, काही राहिलं का. हातावर चार डिश, तोंडाने मेनू एका दमात, पेन कानावर. आयटीवाला म्हणाला बघा, ओव्हरॅक्टिंग. मला राग आला. अरे, त्याला शनिवारच्या गर्दीत वीस टेबलं बघायचीत, चटपटीत नसेल तर मालक ठेवेल का त्याला? सार्त्र टेबलावर बसून लिहीत होता, वेटर उभा होता, हे त्या उदाहरणात दिसत नाही. मी स्वतः इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये आहे, दिवसभर फोनवर "तुमची अडचण मी समजू शकते" म्हणते, तो माझ्या नोकरीचा आवाज आहे, मी कोणाला फसवत नाही, स्वतःला तर नाहीच.

पुढच्या शनिवारी मी हे मॅडमना बोलले. त्यांनी सांगितलेलं मला महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते. भूमिका करणं म्हणजे बॅड फेथ नव्हे. बनवाबनवी दोन बाजूंनी होते. एक, "मी हीच आहे, माझा स्वभावच असा, मी दुसरं काही करूच शकत नाही" असं म्हणून स्वतःला खुर्चीसारखं ठासून भरून टाकायचं. दुसरी, "हे सगळं मी नव्हेच, खरी मी वेगळीच आहे" असं म्हणून आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीतून हात झटकायचे. दोन्हींत सोय असते, कारण पहिल्यात बदलायला नको आणि दुसऱ्यात भरपाई द्यायला नको. क्लेम्समध्ये बसून हे दोन्ही प्रकार मी रोज ऐकते, ग्राहकांकडून पण आणि मीटिंगमध्ये पण. तरीही वेटरचं उदाहरण मला अजून पसंत नाही, त्यापेक्षा त्याने मॅनेजरचं दिलं असतं तर चाललं असतं.

शेवटचे दोन क्लास घाईघाईत. कीहोलची गोष्ट आली, म्हणजे दाराच्या भोकातून आत डोकावणारा माणूस, मागून पावलांचा आवाज येतो आणि तो एका क्षणात 'डोकावणारा' होऊन जातो, स्वतःच्या नजरेत वस्तू होतो. सोसायटीत राहणाऱ्यांना या विषयावर दोन महिने बोलता येईल पण चाळीस मिनिटांत उरकलं. फ्रेंच लेखिका-तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारला अर्धा तास. अर्धा तास! १९२९ च्या तत्त्वज्ञान शिक्षकांच्या परीक्षेत सार्त्र पहिला आणि ती दुसरी आली होती, १९४९ चं तिचं 'द सेकंड सेक्स' तर असणं-नसणं प्रत्यक्ष घरात, लग्नात, शरीरात कसं चालतं ते दाखवतं, आणि हॉलमध्ये निम्म्याहून जास्त बायका होत्या. तिला आटोपून आठवा पूर्ण क्लास फ्रेंच लेखक काम्यूला दिला, ज्याने स्वतःच सांगितलं होतं की मी अस्तित्ववादी नाही. मॅडमना हे फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून दिलंय, फॉर्म म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

सोयींबद्दल. खुर्च्या त्या शाळकरी, एका बाजूला लिहायची फळी असलेल्या, तासाभरात कंबर धरते, उशी आणा, कोणी हसत नाही. तीन पंख्यांतला एक कटकट आवाज करतो आणि तो बंद केला तर मागचे घामाघूम. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, डावीकडची दोन-तीन अक्षरं गायब, वाचताना अंदाज बांधावा लागतो. वॉशरूम खालच्या मजल्यावर, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन कुठे ते देवाला माहीत. रेकॉर्डिंग करू देत नाहीत, ऑनलाइनचा पर्याय नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यावर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं येतात, म्यूट करा.

पुस्तक आधीच विकत घेऊ का असं दोघांनी मेसेज करून विचारलं. नका घेऊ. मूळ फ्रेंच सातशेच्या वर पानांचं आहे, इंग्रजीत हेझल बार्न्सचं १९५६ चं जुनं भाषांतर आणि सारा रिचमंडचं २०१८ चं नवं अशी दोन मिळतात, नवं वाचायला सोपं जातं. सुरुवातीचं नकारावरचं प्रकरण आणि त्याला लागून आलेलं बॅड फेथचं प्रकरण एवढं वाचलंत तरी क्लासपुरतं भरपूर. आणि त्याआधी सार्त्रचं १९४५ मधलं भाषण, जे दुसऱ्या वर्षी छोट्या पुस्तकात आलं, 'एक्झिस्टेन्शियलिझम इज अ ह्यूमॅनिझम', ते एका रविवारी संपतं. विकत घ्यायचं नसेल तर लायब्ररीत चौकशी करा, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मेंबर असून वर्षानुवर्षं न गेलेले लोक मला माहीत आहेत.

कोणी जाऊ नये ते पण सांगते. ज्यांना मनःशांती हवीय त्यांनी जाऊ नये, काकू टिकल्या पण त्या अपवाद. ज्यांना वाद घालून जिंकायचंय त्यांनीही नको, मॅडम "पुढे" म्हणतात आणि विषय संपतो. बाकी सगळ्यांनी जा, निदान पहिले तीन आणि पाचवा-सहावा तरी, सुटे क्लास ४०० रुपयांना करता येतात. चौथ्याला पाऊस असेल तर घरी थांबलात तरी चालेल.

माझ्याकडून पाचपैकी चार. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, जुन्या मंडळींना फी अर्धी. नर्स ताईने आत्ताच नाव दिलंय, मांजराचा प्रश्न ती यावेळी पहिल्याच दिवशी काढणार आहे म्हणे, त्यामुळे जमलं तर त्याच बॅचला बसा.